सातशे वर्षांपूर्वीची जबानी कशी वाचावी: एका निवृत्त स्टेनोची पद्धत

माझी भाची पुण्यात इतिहासात एम. ए. करतेय. मागच्या पावसाळ्यात तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा पानं पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, हे अगदी तुझ्या कोर्टातल्यासारखं दिसतंय. पण यात नेमकं कोण बोलतंय तेच कळत नाहीये."

पानं इंग्रजीत होती. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी पामिए नावाचं गाव आहे. तिथल्या बिशपनं 1320 साली एका बाईची चौकशी केली, तिची ती जबानी. मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. एकतीस वर्षं दक्षिण कोकणातल्या तालुका कोर्टांत मी हेच केलंय: साक्षीदार बोलणार, साहेब डिक्टेशन देणार, मी टाइप करणार. लॅटिन मला येत नाही, चर्चचा इतिहास मी आता कुठे वाचायला घेतलाय. पण जबानी तयार कशी होते ते मी आतून पाहिलंय. भाचीला फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते एकदा नीट लिहून काढते. तुमच्याही हातात कधी इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चची शिकवण न मानणाऱ्या 'पाखंड्यां'च्या चौकशीची, जबानी पडली (भाषांतरं आता बरीच सापडतात), तर उपयोगी पडेल.

आधी गोव्याचं एक सांगून टाकते, कारण "इन्क्विझिशन" म्हटलं की आमच्याकडे लगेच गोवाच आठवतो. गोव्यातलं 1560 साली सुरू झालं, 1812 साली कायमचं बंद झालं, आणि त्याच्यामागे पोर्तुगालच्या राजाची सत्ता होती. मी म्हणते ते त्याच्याआधी तीनशे वर्षांचं. तेव्हा पोपनं नेमलेले साधू किंवा तिथला बिशप चौकशीला बसायचे, आणि पकडले जायचे ते बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती लोकच. गोव्याचे बहुतेक कागद पुढे नष्ट झाले. फ्रान्सचे पुष्कळसे राहिले, म्हणून वाचायला तेच मिळतात.

पहिल्या पानावर थांबा

निकालाची नक्कल हातात आली की पक्षकार शेवटचं पान आधी उघडतो. तुम्ही तसं करू नका. कोर्ट कुणाचं, साल कुठलं, बसलंय कोण, एवढं आधी एका चिठ्ठीवर लिहा. ते कळल्याशिवाय जबानी तोकडी आहे की लांबलचक, आणि का, याचा पत्ता लागत नाही.

सालं थोडीच लक्षात ठेवायची आहेत. 1184 साली इटलीत व्हेरोनाला पोप तिसरा ल्युशियस यानं हुकूम काढला, की बिशपांनी आपापल्या हद्दीत फिरून पाखंडी हुडकावेत. बिशप बहुधा फिरले नाहीत. 1199 मध्ये तिसऱ्या इनोसंटनं पाखंडाला राजद्रोहाच्या रांगेत बसवलं. जप्तीचा रस्ता तिथून मोकळा झाला. त्याच वेळी उपदेश आणि वादविवादही चालू होते. 1207 मध्ये याच पामिएत मोठी जाहीर चर्चा झाली आणि तिथे वाल्डेन्सियन पंथाचा (गरिबीत राहून उपदेश करणारे, चर्चनं पाखंडी ठरवलेले) दुरांद द हुएस्का चर्चकडे वळला. पोपनं त्याला पुढच्याच वर्षी मान्यता देऊन गरिबीचं व्रत पाळत उपदेश करायची मोकळीक दिली. म्हणजे काही बंडखोरांना घरातच खोली काढून दिली. डॉमिनिकही तेव्हाच अनवाणी फिरत उपदेश करत होता. त्याच्या साधूंचा संघ पुढे काही वर्षांनी निघाला.

1208 च्या जानेवारीत पोपचा वकील प्येर द कास्तेलनो याचा खून झाला आणि पोपनं दक्षिणेतल्या पाखंड्यांविरुद्ध फौज बोलावली. जुलै 1209 मध्ये बेझिए शहरात कत्तल झाली. "सगळ्यांना मारा, देव आपली माणसं ओळखेल" हे वाक्य तिथलंच म्हणून सांगतात. पण ते लिहून ठेवलं दूर जर्मनीतल्या एका मठातल्या साधूनं, आणि तेही काही वर्षांनी. आमच्या भाषेत ऐकीव साक्ष. वापरा, पण तसं सांगून वापरा.

वीस वर्षं लढाई चालली, 1229 मध्ये तह झाला. फौजेनं किल्ले घेतले, पण कोण कुणाच्या घरी रात्री जेवलं, कुणाच्या पाया पडलं, हे किल्ला घेऊन कळत नाही. तिथून पुढे कारकुनांचं राज्य सुरू होतं. 1231 पासून नवव्या ग्रेगरीनं खास चौकशी अधिकारी नेमायला सुरुवात केली. त्यांत डॉमिनिकचे साधू बरेच होते.

आता तुमच्या हातातली जबानी बघा. 1245 किंवा 1246 ची, तुलूझची (दक्षिणेतलं मोठं शहर) असेल, तर ती चारसहा ओळींची असण्याची शक्यता जास्त. बेर्नार द को आणि ज्यां द सें-प्येर या दोघा साधूंनी तेव्हा गावंच्या गावं तुलूझला बोलावली. चौदा वर्षांवरचे मुलगे आणि बारा वर्षांवरच्या मुली, सगळ्यांनी यायचं. पाच हजारांहून जास्त माणसं त्यांच्यापुढून गेली. बोर्डावर रोज साठ-साठ प्रकरणं असली की काय होतं ते मला विचारा. साक्षीदार शपथ घेतो, चार उत्तरं देतो, पुढचा. पण तुमची जबानी पामिएच्या जाक फूर्निए बिशपसमोरची असेल (1318 ते 1325), तर ती पानंच्या पानं चालेल. त्यानं 370 दिवस काम चालवलं, 98 प्रकरणं, 578 चौकश्या, बहुतेक वेळा स्वतः बसून. असा एखादाच साहेब असतो. साडेपाच वाजले तरी "अजून एक प्रश्न" म्हणणारा. शिपाई घड्याळाकडे बघत असतो, स्टेनोची बोटं भरून आलेली असतात, आणि साहेब विचारतो, "त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं?" हाच बिशप पुढे 1334 मध्ये पोप झाला, बारावा बेनेडिक्ट. मला आश्चर्य वाटलं नाही.

भाषा मोजा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्या कोर्टात एक म्हातारी साक्षीला आली होती. मारामारीची केस. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला ओळखता का? म्हातारी पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "आमच्याच वाडीतलो तो. पन आता वळकूक येना नाय." तिला म्हणायचं होतं, पोरगा इतका बदलला, इतका वाया गेला, की आपला वाटत नाही. साहेब नवीन, विदर्भातले. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी टाइप केलं: 'मी आरोपीला ओळखू शकत नाही.' माझी बोटं एक क्षण थांबली होती. पण स्टेनोनं मधे बोलायचं नसतं. नंतर कागद म्हातारीला वाचून दाखवला, तिनं मान हलवली, अंगठा दिला. खाली छापील मजकूर असतोच: वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल केले.

आता पामिएला चला. डोंगरातली बाई ऑक्सितान, म्हणजे दक्षिण फ्रान्सची बोली, बोलते. बिशप ऑक्सितानमध्ये विचारतो, कारण तोही तिथलाच. नोटरी भराभर टिपण घेतो, आणि पक्की प्रत लिहितो लॅटिनमध्ये. 'मी' म्हणालेली बाई कागदावर 'ती' होते: 'तिने सांगितले की...'. मग ते तिला तिच्या बोलीत पुन्हा वाचून दाखवतात, ती हो म्हणते. विसाव्या शतकात लॅटिन छापलं जातं, त्याचं फ्रेंच होतं, फ्रेंचचं किंवा लॅटिनचं इंग्रजी, आणि तुम्ही ते डोक्यात मराठी करून वाचता. कागदाच्या समासात ही उतरंड लिहून ठेवा. प्रत्येक मडक्याला गळती आहे.

म्हणून एखाद्या शब्दावर इमारत उभी करू नका. 'तिला वाटलं', 'तिचा विश्वास होता', 'तिने मान्य केलं' ही क्रियापदं बहुतेक वेळा नोटरीची. पण वस्तू, नावं, नाती, जागा बहुधा बाईच्या असतात. चूल, पोटमाळा, मेंढरं, डोक्यातल्या उवा काढत बसलेल्या बायका हे कुठलाही नोटरी आपल्या पदरचं घालत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो. आणि मधेच कधी ऑक्सितान शब्द लॅटिनमध्ये तसाच राहिलेला दिसला, तर तिथे पेन्सिलनं ठळक रेघ मारा. कारकुनाला पर्याय सुचला नाही म्हणून तो राहिला. माझ्याही टायपिंगमध्ये 'गडगा' आणि 'मांगर' तसेच राहायचे.

उत्तरातून प्रश्न उकरून काढा

आमच्याकडे साक्ष गोष्टीसारखी सलग टाइप होते. प्रश्न कागदावर येतच नाही. 'हे खरे नाही की मी त्या दिवशी बाजारात गेलो होतो' असं वाक्य आलं, की समजायचं, उलटतपासणीत वकिलानं तसं सुचवलं होतं. साक्षीदार आपणहून असं कशाला बोलेल?

तुलूझच्या जबान्यांचा साचा साधारण असा: अमुक साली, अमुक गावचा अमुक, शपथेवर सांगतो, की त्याने अमक्याच्या घरी पाखंडी पाहिले. त्यांच्यासोबत तिथे अमुक, तमुक, तमुकची बायको होती. त्याने व इतरांनी तिथे पाखंड्यांची पूजा केली. या गोष्टीला आठ वर्षे झाली. याहून जास्त त्याला आठवत नाही.

कागदाच्या डाव्या बाजूला रिकामी पट्टी ठेवा आणि प्रत्येक वाक्यासमोर प्रश्न लिहा. पाखंडी पाहिले का? कुठे? आणखी कोण होतं? पूजा केली का? त्यांनी दिलेली भाकर खाल्ली का? किती वर्षं झाली? पाचसहा जबान्यांत हे केलंत की छापील प्रश्नावलीच हाती लागते. तसंच होतं. अधिकाऱ्यांकडे तयार प्रश्न असत, आणि पुढे तर पुस्तकंच आली. तुलूझचा अधिकारी बेर्नार गी यानं 1320 च्या दशकात एक मोठं हस्तपुस्तक लिहून पुरं केलं. त्यात कुठल्या पंथाच्या माणसाला काय विचारायचं ते वेगवेगळं दिलंय. त्यातच एक संवाद आहे, त्याच्याही आधीच्या एका लिखाणातून घेतलेला: चौकशीला आलेला वाल्डेन्सियन सरळ उत्तर कसं देत नाही त्याचा नमुना. विचारलं, तू काय मानतोस? तर म्हणतो, चांगला ख्रिस्ती माणूस जे मानतो ते. चांगला ख्रिस्ती म्हणजे कोण? पवित्र चर्च सांगतं ते मानणारा. पवित्र चर्च कुणाला म्हणतोस? तुम्ही म्हणाल त्याला, महाराज! वाचताना मला इतके साक्षीदार आठवले. "साहेब, तुम्ही म्हणता तर असेल तसं."

प्रश्न काढून झाले, की त्यांत न बसणाऱ्या वाक्यांवर खूण करा. माझ्या अकरा पानांत अशी वीसेक निघाली. बाकी सगळं साच्यातलं. भाचीला म्हटलं, तुझी बाई या वीस वाक्यांत सापडेल, बाकीच्या पानांत साहेब.

'पाखंडी' हा शब्द खोडा

खरंच खोडा, पेन्सिलनं. त्या गावांतली माणसं आपल्या फिरत्या साधूंना 'भले लोक', बायका असतील तर 'भल्या बाया' म्हणत. कुणी 'भले ख्रिस्ती'. मांस, अंडी, दूध वर्ज्य. खोटं बोलायचं नाही, शपथ घ्यायची नाही. जग हे चांगल्या देवानं केलेलं नाही अशी शिकवण. मरायला टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून ते एक दीक्षा देत, आणि तीच मुक्तीची वाट मानत. नोटरी यांना 'पाखंडी' लिहितो. आणि ध्यानात ठेवा, या कागदांत 'पाखंडी' म्हणजे फक्त हे दीक्षा घेतलेले साधू. त्यांना जेवू घालणारे, ऐकणारे साधे लोक 'श्रद्धाळू'. हा फरक माहीत नसला, तर साक्षीदार 'मी पाखंडी पाहिले' म्हणतो तेव्हा वाटतं, अरे, हा स्वतः कोण मग?

आज पुस्तकांत यांना 'कॅथर' म्हणतात, पण ते नाव तर दक्षिणेतल्या या जबान्यांत जवळजवळ दिसतच नाही. ते बाहेरच्यांनी दिलेलं. म्हणूनच यांचं खरोखर एक संघटित चर्च होतं, की चौकशी करणाऱ्यांनीच ते आपल्या मनानं जुळवून पाहिलं, यावर इतिहासकार आजही हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही. पण साच्याचे प्रश्न विचारले की साच्याची उत्तरं येतात, एवढं मी शपथेवर सांगेन.

दुसरा शब्द 'पूजा केली'. मूळ कृती काय होती? भला माणूस भेटला की तीनदा वाकायचं, आशीर्वाद मागायचा, माझा शेवट चांगला होवो म्हणून प्रार्थना करा असं म्हणायचं. चौकशी अधिकाऱ्यांनी याला नाव दिलं पूजा, आणि पूजा म्हणजे गुन्ह्याचा पुरावा. आता आमच्या वाडीत कुणी म्हातारा गोसावी आला तर मी वाकून नमस्कार करते. त्याची मतं मी विचारलेली नसतात. उद्या कुणी लिहिलं, 'हिने त्याची पूजा केली व ही त्याच्या पंथाची', तर अंगठा मी कुठे देणार? आणि वाचून दाखवल्यावर 'नाही' म्हणायची हिंमत तरी होईल का?

नावांची यादी करा, आणि कोण मेलंय ते बघा

कागदावर दोन रकाने करा: जिवंत, मेलेले. ज्यानं कधी कोर्टात फितूर साक्षीदार पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. साक्षीदार नावं देतो ती मेलेल्यांची आणि परागंदा झालेल्यांची. इथे इटलीत लाँबर्दीला पळून गेलेल्यांची खूप असतात. वाटतं, चतुर आहे, कुणाचं नुकसान नाही.

पण थांबा. या कोर्टात मेलेलाही सुटत नव्हता. दोषी ठरला तर हाडं उकरून जाळत, आणि जप्ती वारसांवर यायची. म्हणजे मेलेल्या शेजाऱ्याचं नाव देताना त्याच्या मुलाच्या घरावर बोट ठेवलं जायचं. कधी नाइलाजानं, कधी मुद्दाम. आरोपीला साक्षीदारांची नावं सांगत नसत. त्याला इतकीच मुभा होती, की आपले हाडवैरी कोण ते सांगावं, आणि साक्षीदार त्यांतला निघाला तर ती साक्ष बाद. अंधारात दगड मारायचा. वकील घेणंही जवळजवळ अशक्यच, कारण पाखंड्याचा बचाव करणारा स्वतः अडचणीत.

गावातल्या जुन्या दुष्मन्या इथे वर येतात. मोंतायू हे डोंगरातलं गाव, दोन-अडीचशे वस्तीचं. तिथला पाद्री प्येर क्लेर्ग, त्याचा भाऊ बेर्नार सरंजामदाराचा कारभारी. पाद्री स्वतः भल्या लोकांचा श्रद्धाळू, आणि तोच इन्क्विझिशनचा माणूस. कुणाला वाचवायचं, कुणाला अडकवायचं हे बरीच वर्षं त्याच्या हातात होतं. शेवटी फूर्निएनं त्यालाही पकडलं, आणि तो कैदेतच मेला. किंवा आर्नो सिक्र. याच्या आईला जाळलं होतं आणि मालमत्ता जप्त झाली होती. ती परत मिळावी म्हणून हा बिशपचा खबऱ्या झाला, श्रद्धाळू असल्याचं सोंग करून डोंगरापलीकडे गेला आणि गियोम बेलिबास्त या शेवटच्या भल्या माणसाला फूस लावून घेऊन आला. 1321 मध्ये बेलिबास्तला जाळलं. सिक्रची जबानी वाचाल तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याच्या मागे ती जप्त मालमत्ता धरून चला.

मुद्देमाल चुकवू नका

माझी अकरा पानं होती बेआत्रीस द प्लानिसोल या बाईची. मोंतायूच्या गढीच्या किल्लेदाराची विधवा, लहान घराण्यातली खानदानी बाई, तरुणपणी त्या प्येर क्लेर्गशी संबंध, उतारवयात दुसऱ्याच एका, वयानं लहान पाद्रीबरोबर. 1320 च्या उन्हाळ्यात समन्स आलं, एकदा हजर झाली, मग घाबरून पळाली, पकडली गेली. झडतीत तिच्या पिशवीत काय काय मिळालं त्याची यादी कागदावर आहे. लहान मुलांच्या दोन सुकलेल्या नाळी. रक्ताचे डाग असलेली फडकी. धूप. आरसा. कापडात गुंडाळलेला छोटा चाकू. कसल्याशा बिया. वाळलेली भाकर.

चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेनं हे सरळ चेटुकाचं सामान. बिशप मात्र प्रत्येक वस्तू पुढे ठेवून विचारतो, हे कशाला? आणि ती सांगते. नाळी माझ्या नातवांच्या. जवळ ठेवल्या तर कज्जा जिंकतो, असं एका बाप्तिस्मा झालेल्या यहुदी बाईनं सांगितलं होतं. फडक्यावरचं रक्त मुलीच्या पाळीचं. लग्न झाल्यावर नवऱ्याला थोडं पाजलं तर तो दुसरीकडे बघणार नाही म्हणून. धूप मुलीच्या डोकेदुखीवर.

इथे मी चष्मा काढून ठेवला. तारखेच्या दिवशी आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात जा. कुणाच्या खिशात लिंबू, कुणाच्या पदराला अंगारा, कुणी सकाळीच देवळात गाऱ्हाणं घालून आलेलं. एका दिवाणी दाव्यातली म्हातारी दर तारखेला नातवाची नाळ डबीत घालून आणायची. नाझरबाईंनी एकदा विचारलं तर म्हणाली, "रिकाम्या हातान कशी येव?" दावा ती हरली.

तर जबानीत वस्तूंची यादी आली की ती वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. कोर्ट पाखंड शोधत असतं आणि यादी घर दाखवते. बेआत्रीसला 1321 मध्ये कैद झाली, 1322 मध्ये सुटली, अंगावर पिवळे क्रॉस घालून हिंडायच्या शिक्षेसकट.

शिक्षेचं पान, आता

शेवटचं पान आता उघडा. आणि आग शोधू नका. आग आहे, पण सिनेमात दाखवतात तशी पानोपानी नाही. तुलूझला 1246 मध्ये दिलेल्या ज्या 207 शिक्षा आपल्याला माहीत आहेत, त्यांत 184 जणांना क्रॉस आणि 23 जणांना कैद. फूर्निएच्या सगळ्या कामात पाच जण जाळले, त्यांतले चार वाल्डेन्सियन. बेर्नार गीनं सहाशेहून जास्त माणसांना शिक्षा दिल्या, जिवंत जाळायला सोपवलेले चाळीसच्या आसपास. 'सोपवले' हा शब्दही बघा. चर्च रक्त सांडत नाही, म्हणून कागदावर लिहायचं 'राजसत्तेच्या हाती सोपवले'. पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत.

आकडे लहान आहेत म्हणून सौम्य समजलात तर चुकलात. क्रॉस म्हणजे पिवळ्या कापडाचे दोन मोठे, एक छातीवर एक पाठीवर, वरच्या कपड्यावर शिवलेले, वर्षानुवर्षं. अशा घरात मुलगी कोण देणार, मजुरीला कोण बोलावणार? फाटले तर नवे शिवून घ्यायचे. कैदेला ते नुसतं 'भिंत' म्हणत: मोकळी भिंत म्हणजे आवारात हिंडता यायचं, कडक भिंत म्हणजे साखळी, अंधार, भाकर, पाणी.

छळ झाला का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. 1252 मध्ये चौथ्या इनोसंटनं परवानगी दिली: अवयव तुटू नये, जीव जाऊ नये, एवढी मर्यादा. कागदावर मात्र फार क्वचित दिसतो. दिसतं ते 'छळाच्या भीतीने नव्हे, स्वखुशीने' असं वाक्य. आमच्याकडे मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीजबाबाखाली असाच दाखला लागतो, कोणत्याही दबावाशिवाय दिला म्हणून. तो दाखला कायद्यात का घालावा लागला याचा विचार करा. हे वाक्य दिसलं, की तारखा तपासा: पहिल्या आणि दुसऱ्या जबानीत किती दिवस गेले, आणि ते दिवस माणूस कुठे होता. पुष्कळदा तो 'भिंतीत' असतो. तिथे कोपऱ्यात वेगळा छळ करायची गरज पडत नाही.

दप्तराकडे बघा

एक गोष्ट माझ्यासारखीलाच लगेच दिसली असेल. ज्यानं एकदा शपथेवर पाखंड सोडलं आणि पुन्हा तेच केलं, त्याला माफी नव्हती. तो 'पुन्हा पडलेला', त्याला आग. पण पुन्हा पडला हे ठरवायला आधीचा कागद हवा. वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर, दुसऱ्या गावात हा माणूस काय म्हणाला ते मिनिटात काढता आलं पाहिजे. म्हणून 1245-46 च्या जबान्या पुढे काही वर्षांनी पुन्हा कागदावर उतरवून घेतल्या. ती प्रत आजही तुलूझच्या ग्रंथालयात आहे. बेर्नार गीच्या शिक्षांच्या वहीला गाववार सूची जोडलेली आहे. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये 1970 सालचा दावा काढायला तीन आठवडे लागायचे. त्या सूचीचं वाचून मला आधी कौतुक वाटलं, मग पोटात खड्डा पडला.

लोकांनाही ते कळलं होतं. 1242 मध्ये आविन्योने गावात चौकशी अधिकाऱ्यांना रात्री कुऱ्हाडींनी मारलं, तेव्हा त्यांच्या वह्याही मारेकऱ्यांच्या हाती गेल्या. 1280 च्या दशकात कारकासोनमध्ये तर दप्तरच पळवायचा कट झाला, माणूस न मारता. तो फसला, आणि आपल्याला कळतो तोही दुसऱ्या जबान्यांवरूनच.

म्हणून जबानीच्या समासातल्या खुणा, नंतरच्या हातानं लिहिलेल्या टिपा भाषांतरकारानं दिल्या असतील तर वगळू नका. तिथे कुणीतरी नंतर येऊन, बोटानं ओळ शोधत, नाव तपासलेलं असतं.

आणि सगळ्यात शेवटी, खालची बारीक ओळ. फूर्निएच्या दप्तरात जबानीच्या तळाशी कारकून नाव घालतो: मी, रेनो जाबो, तुलूझचा, ही जबानी मुळाशी ताडून दुरुस्त केली. आमच्या नकलेवर शिक्का असायचा, 'नक्कल करणार', 'रुजुवात घेणार', आणि दोन सह्या. रुजुवात म्हणजे दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. एकतीस वर्षांत किती कागदांवर 'रुजुवात घेणार' पुढे माझी सही आहे, मोजलेलं नाही. त्या म्हातारीच्या जबानीच्या नकलेवरही असेल.

भाचीला मी ती ओळ गोल करून पाठवली.